बेचाळीस दिवस उताणं

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव कौसल्या. गावात तिला कौसाबाई म्हणतात, मी अक्का म्हणतो. मी काहीही लिहिलं तर त्यात पहिलं नाव तिचं असणार हे मी फार पूर्वीच ठरवलं होतं. आई-वडील गेल्यावर ती ऊसतोडीला गेली म्हणून मी बीडच्या वसतिगृहात राहू शकलो, आणि आमच्या घरात पहिल्यांदा कोणी बी.कॉम. झालं. ती स्वतः, लहानग्या मला सांभाळायला घरी राहिली म्हणून, तिसरीनंतर शाळेत गेली नाही. त्यामुळे हे छापून आलं तरी तिला कोणीतरी वाचूनच दाखवावं लागेल.

मी चौसाळ्याजवळच्या एका लहान गावात सहकारी दूध संस्थेचा सचिव आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी माझा डावा खुबा बदलला. लोक विचारतात, दुखलं का, चालता कधी आलं. झोपेबद्दल कोणी विचारत नाही. मला दुखण्यापेक्षा झोपेनं जास्त छळलं, आणि हे असं होऊ शकतं हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचं आहे, किंवा ज्यांच्या घरात असा माणूस सध्या छताकडं बघत पडलेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

फिल्म

वर्षभर मी लंगडत होतो. सकाळ-संध्याकाळ फरशीवर उभं राहून दूध तपासायचं काम, त्यामुळे नस दबली असेल असं धरून चाललो होतो. तेल चोळून घेतलं. एकाने सांगितलं म्हणून पट्टा बांधला. दुष्काळाचं साल होतं. गावातली जनावरं शिवारातच हायवेला लागून पडलेल्या चारा छावणीत होती आणि संस्थेचं संकलन आम्ही छावणीवरच सुरू केलं होतं. तिथं जाताना मोटारसायकलवरून पाय पलीकडं टाकता येईना. मी गाडी धोंड्याला टेकवून चढायचो. सभासद बघायचे आणि म्हणायचे, सेक्रेटरी आता गाडीला शिडी लावतील.

बीडच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीला धरली आणि मला वय विचारलं. मी सांगितलं. मग बोटानं दाखवलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोटा वाटीत गोल बसायला हवा, माझा चेपून गेला होता. गोळ्यांनी भरून येणार नाही, बदलावा लागेल, म्हणाले. मी विचारलं, संकलनाला किती दिवस सुट्टी घ्यावी लागेल. त्यांना बहुधा दुसऱ्या प्रश्नाची अपेक्षा असावी.

बसमध्ये ती फिल्म मी मांडीवर आडवी धरून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी त्यावर त्यांची पिशवी ठेवली, ती मी तशीच राहू दिली. गावात उतरून आधी संध्याकाळचं संकलन उरकलं. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, तिनं कॅन धुऊन पालथे घातल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "कोणत्या पायाचं?" वर्षभर ती मला त्याच पायाला तेल चोळत होती.

कमरेखाली

ऑपरेशन औरंगाबादला झालं. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर करतात, माणूस जागाच असतो. मधे हिरवा पडदा असतो. पडद्यापलीकडं हातोडीचे ठोके पडत होते, आणि चौसाळ्याच्या बाजारात वेल्डिंगच्या दुकानासमोर उभं असल्यासारखं वाटत होतं. ते माझ्याच हाडावर पडतायत हे कळत होतं. वाटत काहीच नव्हतं. मी घड्याळाकडं बघत राहिलो.

संध्याकाळी पायांत जीव आला. पण तो बधिरपणा पूर्ण उतरला असं मला पुढं बरेच दिवस वाटलं नाही. तो फक्त कमरेच्या वर सरकला असावा. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून मंगल भिंतीकडं तोंड करून रडली. मी पंखा बघत होतो.

वॉर्डाचं एक वेळापत्रक असतं. ते लवकर मान्य केलेलं बरं. पाचला अंग पुसायला येतात, सहाला ताप बघतात, मग चहा. दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी वॉकर धरून उभं केलं. सहा पावलं टाकली. मग त्यांनी नियम सांगितले. सहा आठवडे मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. आणि झोपायचं ते उताणं, दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून. कुशीवर वळायचं नाही. नियम मोडला आणि गोटा निसटला, तर पुन्हा इथंच यावं लागेल.

जन्मभर मी डाव्या कुशीवर झोपलो होतो. हे तिथं कोणाला सांगण्यासारखं वाटलं नाही.

तिथल्या एका नर्सबाईंचे उपकार आहेत. पहिल्या दोन रात्री मी दुखणं सहन होईपर्यंत सहन करायचो आणि मग गोळी मागायचो. त्या म्हणाल्या, तुम्ही आग लागल्यावर विहीर खणताय. डॉक्टरांना विचारून त्यांनी गोळीची वेळच बदलली, पडायच्या अर्ध्या तासाआधी. एवढ्यानं तासभर तरी डोळा लागायला लागला. तुम्हीही विचारा. न विचारता मनानं गोळ्या वाढवू नका.

अक्का तिसऱ्या दिवशी आली, गाठोडं घेऊन. मंगलला गावाकडं पाठवलं पाहिजे, संकलन बंद पडता कामा नये, हे तिनं स्वतःच ठरवलं. ती माझ्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या दोन मिनिटांत झोपायची. मांडीत डबा, हातात पेला, तरी झोपायची. शेजारच्या पलंगावरचे ट्रक ड्रायव्हर म्हणाले, "माझं झोपेचं इंजेक्शन तुमच्या बहिणीला दिलं की काय?" मी हसलो. मनात मात्र मला तिचा हेवा वाटत होता. देवानं एका माणसाला किती झोप द्यावी.

वाकलो

घरी आमच्याकडं बाज होती. बाजेत माणूस झोळीसारखा खाली जातो, ती चालत नाही. चौसाळ्याचे यासीनभाई वेल्डर स्वतः येऊन लोखंडी पलंग घेऊन गेले आणि चारही पायांना पाइपाचे तुकडे जोडून तो गुडघ्याच्या वर आणून दिला. एका जुन्या खुर्चीचं बूड कापून संडासासाठी खुर्चीही त्यांनीच केली. पलंग हलवून बघत म्हणाले, "सेक्रेटरीसाब, अब इसपे म्हैस बांधो, तो बी हिलता नै." माझ्या आजारपणातली ही सगळ्यात कामाची भेट होती.

बाकी भेटीला सगळं गाव आलं. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जायचं असतं, आणि आलेल्या माणसासमोर आजाऱ्यानं झोपायचं नसतं. छावणीवरून परतणारे दुपारी यायचे, बिस्किटाचा पुडा द्यायचे, तासभर बसायचे. मी उशीला टेकून बसून राहायचो.

आठव्या दिवशी संस्थेचे जुने चेअरमन आले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. मी नोकरीला लागलो तो त्यांच्या शब्दावर. त्या वेळी मी व्यायाम म्हणून पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलो होतो. आबा समोर येऊन उभे राहिले आणि मी, काही विचार न करता, त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो.

खुब्यात काहीतरी कट्कन वाजलं. आबांनीच मला खांद्याला धरून मागं ढकललं. "भास्कर, अरे येड्या," एवढंच म्हणाले आणि जीप बोलवायला बाहेर गेले.

जीपमध्ये मागं आडवं घालून बीडला नेलं. फिल्म काढली. गोटा जागेवर होता, काही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वाजतं कधी कधी. सहा आठवडे पुरे होईपर्यंत देव आला तरी बसल्या जागेवरून हात जोडा. सगळे हसले. आबांनी पुन्हा माझ्यासमोर यायचं टाळलं ते मी काठीवर येईपर्यंत.

जागरण

त्या दिवसापासून माझी उरलीसुरली झोपही गेली. कारण साधं होतं. जागेपणी, डोळे उघडे असताना, सगळे नियम पाठ असताना, माझं अंग माझ्या नकळत वाकलं होतं. मग झोपेत ते डाव्या कुशीवर वळणार नाही याची खात्री कोण देणार? डोळा लागायला लागला की मी दचकायचो आणि पाय चाचपून बघायचो. मधली उशी घसरलेली असायची. ती लावून घ्यायची, पुन्हा छताकडं बघायचं. तेरा वर्षं दुधासाठी चारला उठणारं माझं शरीर. ते झोपलं नाही तरी चारला उठायचंच.

माणसाला तीन आठवडे झोप मिळाली नाही तर तो रडत-ओरडत असेल असं तुम्हाला वाटेल. माझं तसं झालं नाही. मला काही वाटेनासंच झालं. टँकर आला की गल्लीत घागरींची पळापळ व्हायची, भांडणं व्हायची, ते सगळं मला भिंतीपलीकडच्या रेडिओसारखं ऐकू यायचं. माझ्या मुलीला शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. ती ढाल घेऊन पलंगाजवळ आली. मी "छान" म्हणालो. ती जरा वेळ थांबली, मग ढाल कपाटात ठेवून बाहेर गेली. तिला अजून काहीतरी ऐकायचं होतं हे मला कळलं. पण ते कुठून आणायचं हे कळेना.

संकलन मंगल करत होती. चारला उठायची, घरचं बघायची, छावणीवर जाऊन दूध तपासायची. बाईनं फॅट सांगितलेलं काही सभासदांना पटायचं नाही, ते पुन्हा नमुना काढायला लावायचे. ती थकून घरी यायची तर मी तसाच, डोळे उघडे. एकदा कॅन खाली ठेवत म्हणाली, "निदान डोळे मिटून तरी पडत जा. जाग्या माणसासमोर मला झोपायची चोरी झालीय." तिचं चुकलं नव्हतं. मी तिला तसं म्हणालो नाही.

मित्राने दिलेली झोपेची गोळी एकदा घेतली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहताना तोल गेला आणि अक्कानं कमरेला धरलं म्हणून वाचलो. उरलेल्या गोळ्या तिनं चुलीत टाकल्या. डॉक्टरांना फोनवर हे कबूल केलं तेव्हा त्यांनी ऐकवायचं ते ऐकवलं आणि मग कामाच्या चार गोष्टी सांगितल्या. दुपारी झोपायचं नाही. चारनंतर चहा बंद. संध्याकाळी वॉकर घेऊन अंगणात फेऱ्या. भेटीची माणसं दिवसातून एकच तास. हा शेवटचा नियम अक्कानं पाळला. ती दारात बसायची आणि आलेल्याला म्हणायची, "बघितलं का? जित्ता हाय. आता चला."

मोळी

उशी घसरण्यावरचा उपाय अक्काचा आहे. तो आमच्या डॉक्टरांनी नंतर दुसऱ्या पेशंटला सांगितला, असं मला कळलं.

ऊसतोडीत मोळी बांधायला दोरी नसते. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, दोन पदरी घेऊन त्याला पीळ देतात आणि टोक आत खोचतात. गाठ मारत नाहीत. डोक्यावरून मोळी ट्रकपर्यंत नेली तरी ती सुटत नाही, आणि टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. अक्कानं पंचवीस वर्षं हेच केलं होतं.

तिनं जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या फाडल्या. माझ्या गुडघ्यांच्या मध्ये उशी घातली, एक पट्टी गुडघ्याच्या वर, एक खाली, पीळ देऊन टोक खोचलं. मंगलनं डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, दोन बोटं आत गेली पाहिजेत एवढं सैल ठेवा, पायाला मुंग्या आल्या तर लगेच सोडा. अक्कानं दोन बोटं घालून बघितली. मग म्हणाली, "आता वळून दाव."

मी वळायचा प्रयत्न केला. दोन्ही पाय आणि उशी मिळून एकच लाकूड झालं होतं. वळता येत नव्हतं.

"सुटली तर?" मी विचारलं.

"माझी मोळी आजवर सुटली न्हाई. तू काय उसापेक्षा जड हाईस व्हय?"

त्या दिवशी मला सलग दोन तास झोप लागली. दोनच तास. नंतर जाग आली ती भीतीनं नाही, सवयीनं. भीती गेली म्हणजे झोप येतेच असं नसतं, हे मी तेव्हा शिकलो. भीती जाते आणि तिची जागा बरेच दिवस रिकामी राहते.

अर्धा कोयता

दसरा जवळ आला तसे ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर निघायला लागले. आमच्या भागातला सहकारी कारखाना त्या वर्षी सुरूच होणार नव्हता, शिवारात ऊस नव्हता. सगळ्यांना लांब, कोल्हापूरच्या पलीकडं जायचं होतं. अक्काचे मालक, माझे दाजी, एका दुपारी आले. पाणी प्याले, माझ्या पायाची चौकशी केली, पलंगाचे पाइप बघितले. मग अक्काकडं न बघता म्हणाले, "मुकादम म्हणतोय, अर्धा कोयता चालायचा न्हाई."

नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, घेत नाही. अक्का गेली नाही तर दाजींचाही हंगाम गेला. त्या दुष्काळात गावात दुसरं काम नव्हतं.

अक्का म्हणाली, "याला झोप लागंस्तवर मी हलत न्हाई. टोळीला जाऊ द्या फुडं."

"टोळी थांबत नसती, कौसे."

"मग न्हाई थांबली."

दाजी पुन्हा एक पेला पाणी प्याले आणि उठले. ट्रॅक्टर पाच दिवसांनी निघणार होता. मला काही वाटत नव्हतं असं मी वर म्हटलं आहे, पण हिशेब मला अजून कळत होता. ती माझ्यासाठी एकदा शाळा सोडून बसली होती. आता हंगाम सोडून बसणार होती. मला झोप लागायला हवी होती. ती काही लागत नव्हती. म्हणून मी झोपेचं सोंग घ्यायचं ठरवलं.

सोंग

हे वाटतं तितकं सोपं नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास लांब आणि आळशी असतो. पापण्या हलू द्यायच्या नसतात. तोंड किंचित उघडं लागतं. पहिल्या रात्री अक्का दोनदा येऊन बघून गेली. मी पडून राहिलो. सकाळी सातपर्यंत उठलोच नाही. तिनं चहा देताना विचारलं, "लागली व्हय?" मी म्हणालो, "लई गाढ." दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी पहाटे, पाचच्या सुमाराला, दोघी चुलीपुढं होत्या. मंगलला छावणीवर जायचं होतं, अक्का भाकरी थापत होती. मी चार हातांवर डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून पडलो होतो. मंगल हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुमचं बरं हाय बघा. तुमाला कुठंबी झोप लागती."

"कुठली गं," अक्का म्हणाली. "पिशवी काढल्यापासून रातची झोपच न्हाई मला. अंगातून वाफा निघत्यात, उठून बसती. कंबर धरती. म्हणून तर दिवसा बूड टेकलं की डोळा लागतो. लोकाला वाटतं कौसा लई झोपाळू."

"किती वर्सं झाली ऑपरेशनला?"

"भास्करची कालेजची शेवटची परीक्षा होती बघ, त्या साली."

"मग सांगितलं कावून न्हाई त्यांना?"

"त्यो आलता की बिस्किटाचा पुडा घेऊन. तासभर बसलता. परीक्षा होती त्याची, म्हनलं कशाला जीव टांगायचा."

"किती दिस पडून होता तुमी?"

अक्का हसली. "पडून? एकविसाव्या दिशी फडात होते मी. मोळ्या उचलत." मग म्हणाली, "तवा तापला बग जास्त. जाळ मागं घे."

मी पडल्या पडल्या ते सगळं ऐकलं. फडात म्हणजे तोड चालू असलेल्या उसात, एकविसाव्या दिवशी. माझा त्या दिवशी पंचविसावा दिवस होता आणि मी उंच केलेल्या पलंगावर, पायात उशी बांधून पडलो होतो. मला तो बिस्किटाचा पुडाही आठवला. बीडच्या स्टँडवर घेतला होता. मी तिच्याशी अकाउंटच्या पेपराबद्दल बोललो होतो.

मला तिथं रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी श्वास लांब घेत राहिलो, कारण ते सोंग मोडलं असतं तर ती गेली नसती. आणि ती जायला हवी की राहायला हवी, हे मला आता कळेनासं झालं होतं. सातला उठलो. "लागली?" "लागली."

दोन दिवसांनी ट्रॅक्टर मारुतीच्या पारापाशी उभा राहिला. भांडी, शेळी, सरपण, माणसं. मी वॉकर धरून दारापर्यंत गेलो. अक्कानं मंगलला पट्ट्या कशा बांधायच्या ते पुन्हा एकदा करून दाखवलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "झोपतोस नव्हं?"

"झोपतो."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

कुशीवर

पुढचं थोडक्यात सांगतो. अक्का गेल्यावर आठ-दहा दिवस तसेच गेले. मग एकदा तीन तास, एकदा चार. पुन्हा काही नाही. पुन्हा चार. झोप परत येते ती अशी, पाहुण्यासारखी, न कळवता. तिची वाट बघत पडू नका. मी घड्याळ भिंतीवरून काढायला लावलं. झोप आली नाही तर मंगलला न उठवता सकाळच्या संकलनाची तयारी मनातल्या मनात करायचो, कुठल्या सभासदाची कुठली म्हैस, कोणाची गाभण, कोणाची आटलेली. दुष्काळात यादी छोटी झाली होती, लवकर संपायची.

बेचाळिसाव्या दिवशी औरंगाबादला तपासणी झाली. फिल्म चांगली होती. डॉक्टर म्हणाले, आता उशी ठेवून कुशीवर झोपायला हरकत नाही, वाकायचं मात्र अजून नाही. झोप कशी आहे? मी म्हणालो, येते थोडी. आणि मग, का कोण जाणे, मी त्यांना अक्काचं सांगायला लागलो. माझा पेशंट ती नाही, असं ते म्हणू शकले असते. ते पेन खाली ठेवून ऐकत राहिले. एकविसाव्या दिवसापर्यंत आलो आणि माझा आवाज गेला. पुढचं मंगलनं सांगितलं.

त्यांनी त्याच दवाखान्यातल्या बायकांच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. म्हणाले, एवढ्या लहान वयात गर्भपिशवी काढलेली असेल तर हाडं, कंबर, झोप, सगळंच बघायला हवं, आणि पुष्कळसं सुधारता येतं. चौदा वर्षं झाली आहेत, मी म्हणालो. ते म्हणाले, तरीही.

घरी येऊन मी उजव्या कुशीवर झोपलो. सकाळी मंगलनं उठवलं तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आनंद वगैरे झाला नाही. भूक लागली होती.

त्याच दिवशी पत्र लिहिलं. टोळ्यांची पत्रं कारखान्याच्या शेती विभागाच्या पत्त्यावर जातात, मुकादमाच्या नावानं. दाजी सातवी शिकलेले आहेत, ते वाचून दाखवतात. त्याची नक्कल माझ्याकडं आहे.

*तीर्थस्वरूप अक्कास,*

*भास्करचा शिरसाष्टांग नमस्कार. हात जोडून करतो आहे, अजून वाकायची परवानगी नाही.*

*माझी तपासणी झाली. पाय चांगला आहे. कालची रात्र पूर्ण झोपलो. हे खरं आहे. तू असतानाच्या शेवटच्या पाच रात्री मी झोपलो म्हणून सांगितलं ते खोटं होतं. तू जावंस म्हणून सोंग घेतलं होतं. तुला ते कळलं होतं की नाही मला माहीत नाही.*

*तू आणि मंगल चुलीपाशी बोललात ते मी ऐकलं. मी झोपलेलो नव्हतो. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी तासभर बसून परीक्षेचं बोलून गेलो. तुला झोप लागते का, हे मी चौदा वर्षांत एकदाही विचारलं नाही. तू बसल्या जागी झोपायचीस त्याचा मला हेवा वाटायचा. तुला माझं सगळं माहीत होतं. मला तुझं एवढंही माहीत नव्हतं. माफ कर असं लिहिणार होतो, पण तू "येडा हाईस" म्हणून सोडून देशील, म्हणून दुसरं लिहितो.*

*औरंगाबादला माझ्याच दवाखान्यात बायकांच्या डॉक्टर आहेत. त्यांच्याशी मी बोललो आहे. चैत्रात माझी पुढची तपासणी आहे, त्याच दिवशी तुझा नंबर लावला आहे. हंगाम संपून पट्टा पडला की गावी जाऊ नका, दोघं सरळ इकडं या. नंतर उन्हाळाभर तू इथं राहायचं आहे. काम करायला नाही. मंगलनंच हे सांगायला सांगितलं आहे.*

*दाजी, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे, पण मोठ्यानं वाचा, शेजारच्या कोपीतल्या माणसांना ऐकू गेलं तरी चालेल. तिला रात्री झोप लागत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. मला नव्हतं. तोवर तिनं उचलायच्या मोळ्या जरा लहान बांधत जा.*

*हे ऐकून अक्का "नगं, कशाला" म्हणेल. ते मला लिहून कळवू नका. कोणत्या दिवशी येताय तेवढंच लिहा.*

*तुझा,*
*भास्कर*